धानाच्या शेतातली संत्री

माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर चहाच्या दोन गाळण्या टांगलेल्या असतात. एक चहाची. दुसरीला हात लावला तर माझ्याइतकं वाईट कोणी नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा एका पाहुण्या बाईंनी मदत म्हणून नेमक्या त्या दुसऱ्या गाळणीतून चहा गाळला आणि कपाच्या तळाशी राहिलेली माती बघून आमच्या कॉलनीच्या नळाला नावं ठेवत बसल्या. मी ऐकून घेतलं. या गाळणीमुळे माझे वडील रायपुरात राहिले, हे चहाच्या कपावर कोणाला काय समजावणार?

आता सगळं निभावलं आहे म्हणून मजेत सांगता येतं. बाबांच्या झाडांची आंबटढाण संत्री आम्ही दरवर्षी तोंड वाकडं करून खातो, आणि बाबा पिशवी भरून नागपूरलाही पाठवतात. रायपुरातून नागपूरला संत्री पाठवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबा रेल्वेत होते. आम्ही मूळचे काटोलकडचे. बाबांची बदली रायपूरला झाली आणि आम्ही इथलेच झालो. निवृत्तीनंतरही ते बूढ़ापाऱ्यात तलावाजवळच्या गल्लीत राहत होते, मी लग्न होऊन समता कॉलनीत. मोठा भाऊ, माझा दादा, नागपुरात रस्ते बांधणारा इंजिनीअर. आई गेली आणि बाबा एकटे पडले. दादाचा रोज फोन यायचा, बाबा जेवले का, गोळी घेतली का, जिना नीट उतरतात का. तो चुकीचा नव्हता. बूढ़ापाऱ्यातला तो जिना मलाही उतरताना धडकी भरवायचा.

त्याच सुमारास नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहराला जमिनीचं वेड लागलं. न्हाव्याकडे जा, डॉक्टरकडे जा, लग्नाच्या पंगतीत बसा, अभनपुर रोडला काय भाव चाललाय हाच विषय. बाबांनीही त्याच रोडला, अभनपुरच्या थोडं अलीकडे, धानाचा, म्हणजे भातशेतीचा, एक तुकडा घेतला. दलालाला वाटलं, बाबूजी हुशार निघाले, दोन वर्षांत प्लॉट पाडतील. बाबा म्हणाले, मी इथे संत्री लावणार. दलाल हसत सुटला.

“बाबूजी, ये तो धान का खेत है!”

“मालूम है. आँखें हैं मेरे को,” बाबा म्हणाले.

आता काटोलकडच्या माणसाला जरा काळपट माती दिसली की पुढचं काही दिसत नाही, त्याला थेट संत्रीच दिसतात. ही माती इथले लोक डोरसा म्हणतात ती, म्हणजे ना पुरती काळी ना पुरती पिवळी. बाबांना ती गावाकडची वाटली. त्यांच्या वडिलांनी जसे खड्डे खणले होते तसेच, तेवढेच उथळ खड्डे त्यांनी खणून घेतले, काटोलहून रेल्वेनं कलमं आणली, आणि प्रत्येक कलमाला आईच्या माहेरच्या एकेका माणसाचं नाव दिलं. वठलेल्या फांदीला ते आईच्या मोठ्या भावाचं नाव घेऊन शिव्या द्यायचे. मला वाटतं, आई गेल्यानंतर ते मोकळेपणानं पहिल्यांदा हसले ते तिथेच.

दुसऱ्या पावसाळ्यात कलमं पिवळी पडू लागली. खड्ड्याखड्ड्यात पाणी साचून हौद झाले. एक म्हणाला वाळवी आहे, दुसरा म्हणाला खत कमी पडलं, तिसऱ्यानं सांगितलं की जमिनीत काही राहिलेलं नाही, विकून मोकळे व्हा. बाबा हळूहळू शेतावर जाणंच टाळायला लागले. दादानं फोनवर नागपूरला येऊन राहण्याचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “हे पाह्य, झाडं लागली तर मी इथंच राह्यतो. नाही लागली तर दिवाळीले तुह्यासंगं येतो. मग तुह्या चौथ्या माळ्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकतो.”

दादानं हा शब्द पकडून ठेवला. बाबांनीही. त्यांनी पासावर नागपूरचं रिझर्वेशन केलं आणि आईची जुनी सुटकेस पलंगाखालून काढून दाराशी ठेवली. रेल्वेतला माणूस, एकदा सिग्नल दिला की दिला. त्या सुटकेसला ठेचकाळून मी रोज घरात शिरायचे आणि रोज चिडायचे.

चिडण्याचं आणखी एक कारण होतं. मी स्वतः माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. बाबांच्या शेताची माती मीच नेली, मीच तपासली. आम्लता बरोबर, क्षार नाहीत, नत्र, स्फुरद, पालाश सगळं बेताचं पण ठीक. मी निकाल घेऊन बूढ़ापाऱ्यात गेले. बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

“म्हणजे रिपोर्ट चांगला अन् पेशंट मरून राहिला.”

मला राग आला, कारण ते खरं होतं. आमच्या समता कॉलनीत गल्लोगल्ली दवाखाने. पण मोडलेल्या कमरेच्या माणसाचं रक्त तपासून तब्येत उत्तम आहे असं सांगणारा डॉक्टर तिथे एक दिवस टिकला नसता. आम्ही मात्र मातीच्या बाबतीत नेमकं तेच करत होतो. तिच्या पोटात काय आहे ते मोजायचो. ती बसली कशी आहे, तिच्यात हवा खेळते का, पाणी मुरतं का, मूळ घुसू शकतं का, म्हणजे तिची घडण कशी आहे, हे कोणी विचारतच नव्हतं. ती घडण मोजायचं एक यंत्र असतं. माती पाण्यात वरखाली हलवत चाळायचं. राज्य वेगळं झालं तेव्हा टेबलं, कपाटं, फायली सगळ्याची वाटणी झाली. ते यंत्र दुसरीकडे गेलं आणि आमच्याकडे त्याचं झाकण आलं. साहेब सांगायचे, नयी मशीन की डिमांड भेजी है. ते झाकण मी रोज पुसायचे, उगाच, नवऱ्यावरचा राग भांड्यांवर काढावा तसं.

मशीन येईपर्यंत दिवाळी होऊन बाबा नागपूरला पोचले असते. मग एके दिवशी झाकण पुसता पुसता मनात आलं, अगं बाई, ते यंत्र तरी दुसरं काय करतं? ढेकूळ पाण्यात ठेवतं आणि बघतं की ते टिकतं की विरघळतं. पाणी माझ्याकडे आहे. चाळणी म्हणून गाळणी आहे. डोळे तर आहेतच. अचूक आकडा नाही मिळणार, पण मला शोधनिबंध लिहायचा नव्हता. मला बाबा हवे होते.

त्या आठवड्यात मी शेतातून दोन ठिकाणची ढेकळं आणली, एक पिवळ्या पडलेल्या कलमाजवळचं आणि एक धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, जिथे वर्षानुवर्षं नुसतं गवत आहे. गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून सावलीत वाळवली. ओलं ढेकूळ ठेवलं तर ते खोटं बोलतं, ते आधी पुरतं सुकावं लागतं. वाळल्यावर बाबांना घरी बोलावलं. ते आले, ओट्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, “आता मातीचा चहा करून राहिली का वं?”

मी काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, गाळणीत कलमाजवळचं ढेकूळ ठेवलं आणि गाळणी अलगद बुडवली. बघता बघता ढेकूळ बसलं. कडा गळाल्या, मग मधला भाग खचला, आणि वाडग्यातल्या पाण्याचा दुधाळ चहा झाला. गाळणीत नुसता लगदा. बाबांचा चेहरा पडला. मला वाटलं, चूक झाली आपली, माणसाला असं डोळ्यांदेखत दाखवायला नको होतं.

मग पाणी बदललं आणि धुऱ्यावरचं ढेकूळ ठेवलं. त्यातून बुडबुडे आले, एकेक करून. ढेकूळ जागच्या जागी राहिलं. मी गाळणी हळूच वरखाली केली. दोन-चार कण पडले, बाकीचं तसंच. पाणी इतकं स्वच्छ की वाडग्याच्या तळाशी कोरलेलं फूल दिसत होतं. बाबा वाकून वाकून बघत होते, चष्मा वाडग्यात पडतो की काय असं झालं.

“हे काहून नाही विरघळलं?”

“कारण धुऱ्यावर कोणी नांगर नाही फिरवत, बाबा. तिथं गवताच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली आहे. आत शेतात धानासाठी पिढ्यान् पिढ्या उभ्या पाण्यात चिखल केला. मुद्दाम केला. चिखल केला की मातीची घडण मोडते, पाणी खाली जात नाही, साचून राहतं. धानाला तेच पाहिजे.”

“अन् संत्र्याले?”

“संत्र्याचे पाय बुडवून ठेवलेत आपण.”

बाबांनी गाळणीतलं ढेकूळ बोटानं दाबून पाहिलं. मग त्यांनी मला जे विचारलं ते मी विसरणार नाही. “म्हणजे माती मेली नाही ना?”

ते मला खरंच माहीत नव्हतं. वरचा थर मोडला आहे एवढंच कळलं होतं. खाली काय आहे ते खणल्याशिवाय कसं सांगणार? आणि दिवाळी जवळ येत होती.

रविवारी आम्ही दोघं शेतावर गेलो. माझ्या स्कूटरवर मागे बाबा, त्यांच्या हातात लोखंडी सळई आणि सब्बल, म्हणजे पहार, माझ्या पायाशी फावडं, एक लाकडी फळी आणि दूध पावडरचा रिकामा डबा, दोन्ही तोंडं कापलेला. वाटेत चौकातला पोलीस आमच्याकडे संशयानं बघत राहिला. शेतावर पोचल्यावर मी डबा एका कलमाजवळ जमिनीत अर्धा ठोकला आणि त्यात पाणी ओतलं. पाणी तसंच. आम्ही घरून आणलेला चिवडा खाल्ला, तरी पाणी तसंच, वरून एक मुंगी त्यात पोहत होती. मग तोच डबा उपटून धुऱ्यावर ठोकला. तिथे पाणी ओतलं आणि मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत ते निम्मं उतरलं होतं.

मग बाबांनी सळई उचलली. “दे इकडे, हे काम माह्यं हाये.” त्यांनी सळई जमिनीत दाबली. ती वीतभर सहज गेली आणि टक्कन थांबली. दोन पावलं पुढे जाऊन दाबली, पुन्हा वीतभर आणि टक्क. शेतभर फिरले, सगळीकडे तेच. कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, “खाली कोणी तवा पुरून ठेवला का?”

तवाच होता तो. मी एका कलमालगत फावड्यानं खड्डा घेतला, कड सरळ कापली आणि दोघं गुडघ्यावर बसलो. वर मऊ माती, मग नांगराच्या तळानं आणि चिखलानं दाबून दाबून झालेला खापरासारखा थर. कलमाच्या मुळ्या तिथपर्यंत आल्या होत्या आणि आडव्या वळल्या होत्या, दारावरून परत फिरल्यासारख्या. मी सब्बल मारली, दोनदा मारली, थर फुटला, आणि खालची माती फावड्यावर घेऊन कमरेइतक्या उंचीवरून फळीवर टाकली. ही सगळ्यात सोपी परीक्षा. माती धोंड्यासारखी आदळून तशीच राहिली तर वाईट. ती फुटली, छान रवाळ, रव्याच्या लाडवासारखी सुटी. तिच्यात जुन्या मुळ्यांची बारीक बारीक भोकं होती आणि एक गांडूळ होतं, ते बाहेर आल्याबद्दल भयंकर नाराज.

“बाबा,” मी म्हटलं, “नाही मेली.”

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी त्या खड्ड्यातच फतकल मारून बसले. बाबांनी गांडूळ तळहातावर घेतलं, त्याला बघितलं, हळूच परत मातीत ठेवलं आणि माझ्या आईच्या मोठ्या भावाचं नाव घेऊन एक सणसणीत शिवी हासडली. खूप दिवसांनी. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून बाबा कामाला लागले. प्रत्येक कलमाखालचा थर फोडला, कलमं उचलून मातीच्या उंच ढिगांवर बसवली, त्या ढिगांत शेणखत घातलं, वर पैरा पसरला. पैरा म्हणजे धानाचा पेंढा, तो तर तिथे हवा तेवढा. साचलेलं पाणी निघून जावं म्हणून कडेनं चर काढला. पण झाड काही बटण दाबल्यासारखं हिरवं होत नाही. दिवाळी आली तेव्हा पानं तशीच पिवळी होती, सुटकेस तशीच दाराशी होती, आणि दादा पाडव्याच्या गाडीनं येऊन पोचला.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा त्याला. ते म्हणाले, “काय सांगू? झाडं लागली तर, असं बोललो होतो. लागली का? नाही. मंग?” त्यांच्या त्या ‘मंग’पुढे माझं काही चालेना. दिलेला शब्द ते मागे घेणार नव्हते, आणि दादा आपण होऊन सोडेल असं वाटत नव्हतं. मी रात्रभर कुढत राहिले.

भाऊबीजेच्या सकाळी बाबा म्हणाले, जायच्या आधी एकदा शेत पाहून येऊ. तिघंही गेलो. दादा पिवळ्या पानांकडे बघून हळूच म्हणाला, “बाबा, तुम्ही लय केलं. आता बस झालं.” बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी सळई त्याच्या हातात दिली. “एवढं दाबून पाह्य. मंग जाऊ.”

दादानं मोकळ्या जागी सळई दाबली. वीतभर, टक्क. तो थबकला. पुन्हा दाबली, पुन्हा टक्क. माझ्या भावाचं आयुष्य रस्त्याखालची माती दाबण्यात गेलं आहे, त्याच्या धंद्यात माती जितकी घट्ट तितकी चांगली. “हे तर आम्ही रोलर फिरवून करतो,” तो म्हणाला. “इथं कोणी केलं?”

“धानानं,” बाबा म्हणाले. “आता तिथं दाब, झाडापाशी.”

ढिगाशेजारी, जिथे थर फोडला होता तिथे, दादानं नेहमीच्या जोरानं सळई रोवली आणि ती इतकी सरसर आत गेली की तो तोल जाऊन गुडघ्यावर आला. नवी पँट मातीत. बाबा हसू दाबत होते. दादा उठला नाही. त्यानं तसंच बसून ढीग उकरला, एक मूळ बोटांनी मोकळं केलं. मूळ खालच्या दिशेला वळलं होतं आणि त्याच्या टोकाला पांढरी कोवळी फूट होती. मग तो चराच्या कडेनं टोकापर्यंत जाऊन वाकून बघून आला.

“उतार चुकला तुमचा,” तो म्हणाला. “पाणी पुन्हा शेतातच येणार. मी काढून देतो.” आणि इंजिनीअरसाहेब बाह्या सरसावून फावडं घेऊन भिडले.

घरी यायला दुपार झाली. मी घाईघाईनं पाट मांडला, तबक लावलं. दादाला ओवाळलं. मला एकच ओवाळणी हवी होती आणि ती मागायची नाही असं बाबांनी आधीच डोळ्यांनी बजावलं होतं. दादाच्या नखांत अजून माती होती. त्यानं नेहमीप्रमाणे खिशात हात घातला, कागद काढला आणि तबकात ठेवला. मला आधी कळलंच नाही. ते बाबांचं नागपूरचं तिकीट होतं. सकाळीच त्यानं बाबांचं आणि स्वतःचं अशी दोन्ही तिकिटं सांभाळायला म्हणून आपल्याकडे घेतली होती.

“एक पावसाळा पाहू,” तो बाबांकडे न बघता म्हणाला. “पण तो जिना सोडायचा. खालची खोली घ्या भाड्यानं.”

“हव,” बाबा म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणतील असं आम्हाला दोघांनाही वाटलं नव्हतं. मी तबक तसंच हातात धरून रडायला लागले आणि निरांजन विझलं.

सगळ्यांत आधी सावरले ते बाबा. तिकीट उचलून म्हणाले, “हे असं ठेवून नाही होत. सीट रिकामी जाईल. रद्द करा लागते.” सणाचा दिवस आहे, राहू द्या, असं आम्ही म्हणालो. छे! रेल्वेची सीट रिकामी जाऊ देणं त्यांना जमणारच नव्हतं. मी त्यांना स्कूटरवर स्टेशनला नेलं. रिझर्वेशनच्या खिडकीसमोर मोठी रांग. मी म्हटलं, तुमच्या ओळखीचं कोणी असेल आत. ते म्हणाले, रांग हाये ना. आणि उभे राहिले, धोतराला सकाळची माती लागलेली.

त्यांचा नंबर आला. त्यांनी तिकीट खिडकीतून आत सरकवलं. आतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “कैंसल?”

“हाँ,” बाबा म्हणाले. मग कोणी काही विचारलं नसताना खिडकीला तोंड लावून, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “संतरे लगाए हैं, बेटी. जा नहीं सकते.”